धातू कुठला?

४ मार्च

बाबांच्या गाठीला किरण द्यायचेत, त्याच्या प्लॅनिंगचा सीटी स्कॅन आमच्याच विभागात झाला. उजव्या खुब्यापाशी पांढराफटक ठिपका, शेंगदाण्याएवढा! मी जन्मायच्या आधी बाबा गच्चीवरून पडले होते, तेव्हापासून लंगडतात. तेव्हा हाडात घातलेला स्क्रू असणार.

काका तासभर बाहेर बाबांचे जोडे मांडीवर घेऊन बसले होते. खाली ठेवा म्हटलं, तर म्हणे, दादाचे आहेत. थोरल्या भावासाठी नुसता जीव टाकतात.

५ मार्च

किरण कुठून किती द्यायचे याचे प्लॅन एरवी मीच करते; पण घरच्या माणसाचा आपण करू नये, म्हणून बॉस करताहेत. मी मागे उभी राहून त्यांचं डोकं खाते.

स्कॅनच्या आकड्यांवरून कॉम्प्युटर ओळखतो — हवा, चरबी, स्नायू, हाड — आणि किरण कुठे किती अडतील ते मांडतो. पण आमच्या मशीनचे आकडे एका मर्यादेला संपतात. त्यापुढे टायटॅनियम काय, स्टील काय, शिसं काय — सगळ्यांना एकच आकडा! धातू कुठला, ते माणसालाच विचारावं लागतं. चुकीचा लिहिला, तर किरण मध्येच अडायचे आणि बाबांची गाठ तशीच राहायची.

मी ठोकून दिलं, टायटॅनियम लिहा, हल्ली तेच घालतात. बॉस म्हणाले, "हल्ली? तू जन्मायच्या आधीचा ना हा?"



६ मार्च

बॉसनी ठिपका मोठा करून दाखवला. आटे नाहीत, टोक नाही. नुसता चेपलेला गोळा! याला स्क्रू म्हणणाऱ्याचाच स्क्रू ढिला, म्हणाले. मला हसू आलं नाही.

काकांना फोन करून विचारलं, ऑपरेशन कुठे झालं होतं? ते उडालेच. कसलं ऑपरेशन? दादा आठवड्याभरात चालत घरी आला, हाड दुखावलंय एवढंच म्हणाला. मग, का विचारतेस, म्हणाले आणि फोन ठेवून दिला. मग ते आहे तरी काय?

७ मार्च

बाबांना विचारलं, खुब्यात धातू कुठला आहे? उठले, आत गेले, कडी लावली — माझ्या तोंडावर! आईलाही गच्चीपलीकडे काही माहीत नाही. सोमवारपासून उपचार सुरू व्हायचेत.

८ मार्च

सकाळी बाबा माझ्या खोलीत आले. दार लोटलं.

"शिसं लिही. बंदुकीची गोळी आहे, तुझ्या काकानं झाडलेली. त्याला कळू देऊ नकोस. नेम चुकला, असंच समजतो तो."