चाळवलेली गाठ

९ फेब्रुवारी १९७६, कुरुंदा

सासूच्या छातीत गाठ! सुपारीएवढी. दुखलं-खुपलं की अख्ख्या गावाला बिब्ब्याच्या तापल्या तेलाचे चटके देत फिरणारी द्वारकाबाई आता स्वतःच गाठ घेऊन बसलीय. मला बरं वाटलं. इथं लिहिते, कारण बोलायची सोय नाही.

११ फेब्रुवारी

वसमतला नेलं. डॉक्टरांनी मला एकटीला बाजूला घेतलं. कॅन्सर! अजून एकाच जागी आहे, औरंगाबादला काढून घेतली तर वाचतील म्हणाले. आणि बजावलं — गाठीला चटका नको, शेक नको. कातडी भाजून सुजली की रक्तातल्या पांढऱ्या पेशी जखम भरायला धावतात, आणि त्याच उलट गाठीला पोसतात, पसरायला वाट करून देतात. राखणदारच चोराला दार उघडतो म्हणे.

मग मी समोरच्या दुकानात औषध आणायला गेले. परत येताना एस.टी.त म्हातारीनं विचारलं, "काय म्हनला गं डॉक्टर?"

"काई न्हाई आत्याबाई. साधी गाठ हाय."

१२ फेब्रुवारी

म्हातारीनं सुईला बिब्बा टोचला. "दिवा सरकव इकडं." मी सरकवला. तापलेलं तेल गाठीवरच्या कातडीवर चरचरलं.

हेच तेल हिनं माझ्या शेवंताच्या पोटावर लावलं होतं. तान्हं लेकरू, पोट फुगलं म्हणून! फोड पिकले, ताप चढला, गेली. "नशिबात नव्हती," एवढंच म्हणाली होती ही बाई.

भोग आता!

२० फेब्रुवारी

लालभडक सूज, फोड. शेजारची रूपाबाई खूश — "गाठ चाळवली, आता फुटून निघंल." मी मान डोलावली. हे कारखान्यावर आहेत. त्यांनाही साधी गाठ म्हणूनच कळवलंय.

१४ मार्च

रोज बिब्बा. दिवा मीच धरते.

६ एप्रिल

काखेत गाठी आल्या. रूपाबाई म्हणते, "जखमेमुळं सुजलंय, अवधाण हाय, उतरंल." कशाचं अवधाण! मला माहीत आहे काय आहे ते. म्हातारी कण्हते, मी भाकरी थापते. चार घास जास्तच जातात हल्ली.

२ मे

पाणी पाजताना म्हातारीनं माझं मनगट धरलं.

"तू औषध आनाया गेलीस, तवाच डॉक्टरनं मला समदं सांगितलं व्हतं. आपरेशनचं बी, बिब्ब्याचं बी."

"मंग काहून घातला बिब्बा?"

"शेवंताला किती ठनकलं आसंल, ते बघाया."

मग तिनं सुई उचलली. "दिवा सरकव."

माझा हातच उठेना.