डोंगरावर गेलेली म्हातारी

३ डिसेंबर २००७, सोमवार
शेवटच्या, म्हणजे पाचव्या गोष्टीच्या सीड्या आल्या. माझ्या मुलाने, प्राणेशने, इथल्या चेन्नईतल्याच टी. नगरच्या दुकानातून आणल्या. पहिल्या चार गोष्टी नातीने, कीर्तनाने ऐकवल्या. सीडीतली बाई पुस्तक इंग्लिशमधून वाचायची. कीर्तना बटण दाबून तिला थांबवायची आणि आपल्या भाषेत सांगायची. आता ती नोकरीला हैदराबादेत. बरं झालं. चार गोष्टींत मला इंग्लिश आलं. आता एकटी ऐकणार आणि फोनवर तिला रिव्ह्यू देणार. ती तो कॉम्प्युटरवर टाकणार आहे.
डोंगरावर गेलेल्या म्हातारीचं काय झालं, एवढंच बघायचंय. उगीच आपली चौकशी.

३ डिसेंबर, संध्याकाळ
पहिली सीडी. राजकन्या, घोडा, पाऊस. सगळं कळलं. थोडं कुकरच्या शिट्टीत गेलं.
प्राणेश कामावरून, आवडी गावाहून, आला तो थेट आत. म्हटलं, ऑफिसर असशील तुझ्या फॅक्टरीत, आधी पाय धू.

५ डिसेंबर
म्हातारी नाही. राजवाड्याच्या स्वयंपाकघरातली ती म्हातारी म्हणजे अख्ख्या राज्यात एकटी शहाणी. राजाला तोंडावर म्हणते, राजा असशील दरबारात, आधी पाय धू. चौथ्या गोष्टीत दुखऱ्या गुडघ्यांनी एकटी बर्फाचा डोंगर चढली, राजकन्येची तलवार आणायला. तेवढ्यात कीर्तनाच्या गाडीची वेळ झाली. पुढचं पाचव्यात, म्हणाली आणि गेली.
इथे तर राजकन्येच्या हातात तलवार आहे! आणली कोणी?

७ डिसेंबर
लढाई. कोणीतरी मेलं. फॅन कुरकुरतो, नाव ऐकू आलं नाही. म्हातारी मेली असेल तर लिहिणारीची खैर नाही. सून हरिप्रिया म्हणाली, अम्मा, पोंगलच्या सणाला कीर्तना येईल, तेव्हा दोघी मिळून ऐका. म्हटलं, मी कोणासाठी थांबत नाही. तीच सीडी परत लावली.

१० डिसेंबर
संपलं. लग्न, राजकन्येला मुकुट, म्हणजे पट्टाभिषेक, टाळ्या. म्हातारीला साधं जेवायलाही बोलावलं नाही.
पट्टाभिषेक झाला, कथा संपली, की पायसम, शेवयांची खीर, करायचं, ही आमच्या घरची रीत. शेवया काढल्या होत्या. परत डब्यात घातल्या.
विचार केला. लिहिणारी एवढी बावळट नसणार. दुकानदाराने एक सीडी मारली. नक्की.

११ डिसेंबर
टी. नगर. दुकानदार गुरुमूर्ती मला आजी मानून म्हणाला, पाट्टी, डबा सीलबंद होता. म्हटलं, सील मलाही लावता येतं, वडामच्या, वाळवलेल्या कुरडयांच्या, डब्याला दरसाल लावते. म्हणाला, नंबर बघा, सगळ्या सीड्या आहेत. म्हटलं, मग म्हातारी कुठाय? गिऱ्हाइकं बघायला लागली. कोणती म्हातारी, म्हणाला. पुढे, पाट्टी, तुम्हाला इंग्लिश येतं ना? हे विचारलं मात्र, मी असा आवाज लावला की समोरच्या साडीच्या दुकानातून माणसं बाहेर आली. मुकाट्याने नवा डबा दिला. ज्ञान असलं की लोक नमतात.

१४ डिसेंबर
नव्या डब्यातही म्हातारी नाही. म्हणजे कंपनीच चोर. रिव्ह्यू तयार आहे. गोष्ट भिकार. कष्ट म्हातारीचे, मुकुट पोरीला. लिहिणारीने माझ्यासमोर येऊन बसावं.

१६ डिसेंबर, रविवार
फोनवर रिव्ह्यू सांगितला. कीर्तना हसायला लागली, थांबेचना. म्हणाली, पाट्टी, ती म्हातारी पुस्तकात नाहीच. एकातही नाही. तू पहिल्या सीडीपासून मधे बोलायचीस, राजाला नावं ठेवायचीस. मग मी तुझंच बोलणं एका म्हातारीच्या तोंडी घातलं. तेव्हा कुठे तू गप्प बसून ऐकायला लागलीस.
म्हटलं, मला ठाऊक होतं. तुला आठवतंय का, ते बघत होते.
मग विचारलं, डोंगरावरून उतरली का? म्हणाली, अजून ठरवलं नाही, पोंगलला येऊन सांगते. म्हटलं, मला कसली घाई? गुडघ्याला काही बांधलंय का तिने, एवढंच विचारलं.
टी. नगरला यापुढे जाणार नाही. तिथली गर्दी सोसत नाही.
प्राणेश जेवायला बसला. म्हणाला, गोष्ट संपली ना, पायसम कुठाय? म्हटलं, म्हातारी अजून डोंगरावर आहे. ताक पी.