बोलण्याच्या जागेशेजारची गाठ

प्रिय आबा,

परवा फोनवर ‘डोकं उघडायचं न्हाई म्हंजी न्हाई’ एवढंच बोलून तुम्ही फोन गोकुळच्या हातात दिलात. तो बिचारा भाऊ काय बोलणार? ‘ताई, जेवलीस का?’ म्हणाला. म्हणून लिहायला बसले. तुम्ही एकदा कागद हातात घेतला की चष्मा पुसत पुसत का होईना, शेवटपर्यंत वाचता. तर ऐका. ऑपरेशन येत्या गुरुवारी पुण्यात आहे आणि ते मी करून घेणार आहे. तुमच्या जावयाने होकार दिलाय. त्यांचं एकदा रडूनही झालंय. तुमचं मन वळवायला मात्र हे लिहीत नाही, कारण ते वळेपर्यंत माझी गाठ लिंबाएवढी होईल. आत्ता ती बोराएवढी आहे, मेंदूत डाव्या बाजूला, बोलण्याच्या जागेला अगदी खेटून. इतकी वर्षं वर्गात माझी बडबड ऐकून पोरं कंटाळली, हिला मात्र नेमकं तिथंच बिऱ्हाड करावंसं वाटलं!

गंमत अशी की गेल्याच महिन्यात मी नववीला मेंदू शिकवत होते. वजनाने दीड किलोसुद्धा भरत नाही, पण आपण खाल्लेल्यातला जवळजवळ पाचवा हिस्सा हा एकटाच संपवतो, असं सांगितल्यावर मागच्या बाकावरच्या आदेशने विचारलं, मॅडम, मग गणिताच्या तासाला भूक लागते ती खरीच ना? लाखो वर्षांत माणसाचा मेंदू वाढत वाढत तिप्पट झाला. पण मोठं डोकं म्हणजे जास्त अक्कल असं समजू नका. तसं असतं तर आमच्या शाळेत हत्ती मुख्याध्यापक असता. माणसाचीच एक जुनी जात होती, तिचा मेंदू आपल्याएवढाच, कदाचित थोडा मोठाही होता. ती जात संपली, आपण उरलो. आणि तुमच्या मेंढ्या! माणसाने पाळल्यापासून त्यांचा मेंदू रानातल्या भाऊबंदांपेक्षा लहान झालाय. लांडग्याची काळजी करायला तुम्ही बसलाय म्हटल्यावर त्या कशाला करतील? तरी माणसांचे चेहरे त्या वर्षानुवर्षं विसरत नाहीत. गेल्या काही हजार वर्षांत आपलाही मेंदू थोडा आकसलाय, असं काही शास्त्रज्ञ म्हणतात. बाकीच्यांना ते पटत नाही. हे ऐकून तुमची नात श्रेया म्हणाली, आई, मग आपल्याला कुणी पाळलं गं? मी विषय बदलला.

सगळ्यात नवलाची गोष्ट तर अजून राहिलीच. मेंदूला स्वतःला दुखत नाही. सगळ्या अंगाचं दुखणं त्याला कळतं, पण त्याला बोट लावलं तर त्याला कळत नाही. कातडी आणि हाड तेवढं बधिर करायचं. त्यामुळे गुरुवारी मला मध्ये जागं ठेवणार आहेत. डॉक्टर आत काम करणार आणि मी त्यांच्याशी बोलत राहणार, म्हणजे बोलण्याची जागा कुठवर आहे ते त्यांना समजेल. मी म्हटलं, डॉक्टर, मला बोलायला सांगताय, पण थांबवणार कोण?

आबा, हे तुम्हाला नवीन नाही. मी लहान होते तेव्हा मढ गावाच्या पुढे, माळशेज घाट उतरायच्या आधी आपला मुक्काम होता आणि ती काळ्या तोंडाची मेंढी एकाच बाजूला गरगर फिरत होती. तुम्ही अंगठ्याने तिची कवटी दाबून नरम जागा शोधलीत. पाय मी धरले होते. चाकूने हाड उचकटून तुम्ही आतली पाण्याची पिशवी अलगद ओढून काढलीत, हळद दाबलीत, फडकं बांधलंत. ती उठली, चरायला लागली, पुढे व्यालीही. त्यानंतर दुसरी एक होती, ती तुमच्या हातात गेली. मला आयुष्यभर पहिलीच आठवत राहिली. तुम्हाला फक्त दुसरी आठवते, हे मला काल गोकुळने सांगितलं. तुम्ही त्याला म्हणालात म्हणे, ‘ती मेंढी व्हती, ही माझी लेक हाये. मला बघवायचं न्हाई.’ आबा, दुसरीला हात लावला नसता तरी ती जगणार नव्हती. तुमच्याकडे नुसता अंगठा होता. या डॉक्टरांनी डोकं उघडायच्या आधीच माझी गाठ सगळ्या बाजूंनी बघून ठेवलीय. मला त्यांच्यावर भरवसा आहे, आणि त्यातला निम्मा तुमच्यामुळे आहे.

मग हे पत्र कशासाठी, तेही सांगते. पुढचं अजून फक्त श्रेयाच्या बाबांना माहीत आहे. ऑपरेशननंतर आत सूज येईल आणि काही दिवस, कदाचित काही आठवडे, मला शब्द सापडणार नाहीत. बहुतेक सगळे परत येतील. एखाददुसरा हरवला तर हरवला. पण तुम्ही याल, मी तुमच्याकडे बघेन आणि मला ‘आबा’सुद्धा म्हणता येणार नाही, असं होऊ शकतं. मला भीती वाटते ती चाकूची नाही. ते बघून तुम्ही लेक गेली असं समजून दारातूनच मागे फिराल, याची वाटते. फिरू नका. समजण्याची जागा बोलण्याच्या जागेहून वेगळी आहे, गाठ तिथवर पोहोचलेली नाही. मला सगळं ऐकू येईल, सगळं कळेल. खुर्ची ओढून बसा आणि बोला. गवत कुठं उरलंय, कोकरं किती झाली, गोकुळ कसा आळशी आहे, काहीही चालेल. जन्मभर तुम्ही मेंढरांशी बोललात, माझ्या वाट्याला हुं आणि हां आलं. मी गप्प बसलेय आणि तुम्ही बोलताय, असं आपल्या घरात पहिल्यांदाच होणार आहे, आबा. मला ते ऐकायचंय.

तुमचीच बडबडी,
निर्मला