सिमेंटचा ताजा कलम

२ मार्च

ती. मामांस,

चिमीचा शि. सा. नमस्कार. वि. वि. अखेर घर घेतलं. सत्तर वर्षांचं आहे. खालचा मजला उघड्या विटांचा, वरचा लाकडी फळ्यांचा, खिडक्याही लाकडी. कागदांवर सही होईपर्यंत सगळं देखणं वाटत होतं. आता रोज सकाळी बाहेर उभी राहते आणि रोज एक नवीन भेग सापडते.

सल्ल्यांना तर तोटा नाही. रंगारी म्हणतो, विटांना चकचकीत रंग मारा, पाणी आत शिरायचंच नाही. सुतार म्हणतो, फळ्या सगळ्या काढून टाका. धाकटे दीर म्हणतात, जोराच्या फवाऱ्याने भिंत धुऊन काढा, नवी दिसेल. आमचे हे तिघांनाही मान डोलावतात. माझ्या डोक्याचा पार भुगा झालाय.

तुम्ही पस्तीस वर्षं गवंड्याची थापी चालवलीत. एकदा येऊन भिंत नजरेखालून घाला ना. मामींना नमस्कार. माया आहे तशीच राहू द्या.

तुमची,
चिमी

११ मार्च

चि. चिमीस, मामाचे अनेक आशीर्वाद.

घर घेतलंस, छान केलंस. आता त्या तिघांना चहा पाजून वाटेला लाव. जुनी वीट मऊ असते. ती पाणी पिते आणि ऊन पडलं की सोडते. वर रंग फासलास तर प्यालेलं पाणी आतच कोंडेल. फवाऱ्याने वरची भाजलेली साल निघून जाईल. मऊ ब्रश आणि साधं पाणी, बस्स.

विटांमधल्या दरजा, म्हणजे सांधे, खिळ्याने खरवडून बघ. भुगा पडला तर तेवढ्याच मोकळ्या करून चुन्याने भरून घे. फळ्यांना स्क्रूड्रायव्हर टोचून बघ. जिथे लोण्यासारखा आत जाईल तेवढाच तुकडा बदल, बाकीच्यांना जवसाचं तेल दे. आणि सगळ्यांआधी छपराची पन्हळ साफ कर. निम्मी दुखणी तिथूनच खाली उतरतात.

माझं येणं जमेलसं वाटत नाही. गुडघे कुरकुरतात. जावईबापूंना आशीर्वाद. 

तुझा मामा

ता. क. दरजा सिमेंटने भरल्यास जास्त टिकतील.

६ ऑक्टोबर

ती. मामांस सा. नमस्कार.

मामा, रागावू नका, पण मला काहीच कळेनासं झालंय. पत्रात तुम्ही चुना लिहिलात आणि ताज्या कलमात सिमेंट. आम्ही दोघांनी पत्र चार वेळा वाचलं. शेवटी सांगितलं तेच खरं, असं म्हणून ह्यांनी समोरची अख्खी भिंत सिमेंटने भरून घेतली. पावसाळाभर आत ओल आली. आता विटांचे पापुद्रे सुटून अंगणात पडतायत आणि सिमेंट मात्र जागच्या जागी, फासळ्यांसारखं वर आलेलं.

पन्हळ साफ केली, फळ्या टोचल्या, तेल दिलं. लाकूड ठणठणीत आहे. म्हणजे तुमचं बाकी सगळं बरोबर आणि हेच कसं चुकलं? आमचं दोघांचं त्यावरून बोलणं बंद आहे. आणि पत्रातलं अक्षर मामींचं का? तुमच्या हाताला काही झालंय का? काही असलं तरी मला सांगा.

तुमचीच गोंधळलेली,
चिमी

१३ ऑक्टोबर

चि. चिमीस मामीचा आशीर्वाद.

हे पत्र तुझ्या मामांना न सांगता लिहितेय. हाताला काही झालेलं नाही गं. डोळे गेले. दोन वर्षं झाली. आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं, आणि डॉक्टर म्हणतात की परत यायचे नाहीत. कुणाला सांगायचं नाही अशी मला शपथ घातलीय. ते सांगतात, मी लिहिते. ज्या माणसाने शेकडो भिंती उभ्या केल्या त्याला हात धरून भिंतीसमोर न्यायचं, हे त्यांना नको वाटतं. गुडघे बरे आहेत.

ताजा कलम माझा. शेजारचे साहेब म्हणाले की हल्ली चुना कोण वापरतं. मला वाटलं, ह्यांचा जुना हट्ट, त्यापायी पोरीचं घर कच्चं राहायचं. एक ओळ घातली. तुझं पत्र वाचून दाखवताना सिमेंटचा आणि पापुद्र्यांचा भाग मी गिळला. आता ह्यांना सांगू की नको, तुला तोंड कसं दाखवू, काही सुचत नाही. तूच सांग.

तुझी मामी

९ नोव्हेंबर

ती. मामींस चिमीचा नमस्कार.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी कुणावर रागवावं तेच समजेना. म्हणून कुणावरच रागावले नाही, आणि ह्यांना मामांना आणायला पाठवलं. तोंड कसं दाखवू म्हणून तुम्ही मागे राहिलात, मामा मात्र आले.

चार दिवसांपूर्वी गवंडी आला. नव्या दमाचा, जरा ताठच. मामांना म्हणाला की आधी कुठली वीट काढू ते दाखवा. मी पुढे होणार, एवढ्यात ते सगळ्यांदेखत म्हणाले की मला दिसत नाही, माझा हात भिंतीला लावून द्या. गवंड्याने छिन्नी खाली ठेवली, हात पुसले आणि मामांचा हात असा धरला, की मला तिथे उभं राहवेना.

मग मामा वीट न् वीट ठोकून ऐकत गेले. दरजेवर बोटं फिरली आणि थांबली. हा सिमेंटचा शहाणपणा कोणाचा, म्हणून विचारलं. आमचे हे म्हणाले की माझाच. सिमेंट ओल बाहेर सोडत नाही, मग मऊ वीट फुटते, असं म्हणत मामांनी त्यांना अर्धा तास झोडपलं, हे मान खाली घालून ऐकत राहिले. महिनाभर ज्यांच्याशी धड बोलले नव्हते, त्यांना त्या संध्याकाळी मी दोनदा चहा दिला.

सिमेंट हळूहळू कोरून निघतंय. पापुद्रे सुटलेल्या विटा उलट्या बसवून, चांगली बाजू बाहेर आणून, चुन्यात भरतायत. तीसेक विटा मात्र गेल्याच.

काल रात्री जेवताना मामा म्हणाले की जावई गुणाचा आहे, पण त्याला खोटं बोलता येत नाही. माझं सांगून झाल्यावरही पेन कागदावर चाललेलं मी ऐकलं होतं, ती ओळ कोणाची ते मला ठाऊक आहे. तुझी मामी मला पेपरसुद्धा वाईट बातम्या गाळून वाचून दाखवते, मी चालू देतो. तिला इकडे बोलवून घे, काम महिनाभर चालेल आणि माझा तिच्याशिवाय वेळ जात नाही, असंही म्हणाले.

यातलं काही तिला कळवू नकोस, अशी ताकीद आहे. मी कळवलं. लवकर निघा.

तुमची,
चिमी