राजेश्वरीच्या गळ्यातलं साखरेचं पाणी

लोणावळा, गुरुवार

तीर्थस्वरूप मामी,

आपल्या धाकट्या जावयाचा, म्हणजे कैलासचा, साष्टांग नमस्कार. (कमरेत उसण भरली आहे, त्यामुळे तूर्त तो कागदावरच घालतो आहे.) तुमचे गुडघे काय म्हणतात? सोमाटण्याच्या चौकातल्या त्या माणसाकडचं तेल चोळू नका, त्याच्या बाटलीवर चित्र घोड्याचं आहे. तांदूळ पोचला, भात छान मऊ होतो. फोन करायचा सोडून हा माणूस पत्र कशाला लिहितोय, असं तुम्हाला वाटेल. पण तुम्ही फोन स्पीकरवर ठेवता आणि माझं बोलणं शेजारच्या गोठ्यापर्यंत जातं. हे प्रकरण गोठ्यापर्यंत जाऊ नये अशी माझी इच्छा आहे.

आधी मुख्य बातमी. राजेश्वरीची गाठ जाळून झाली, ती ठणठणीत आहे आणि तिचा आवाज शाबूत आहे. आता पुढचं सावकाश चहा घेत वाचा.

गळ्यातली ती थायरॉइडची गाठ तुम्ही पाहिलीच होतीत. तपासणीत साधी निघाली, पण वाढत होती आणि घास गिळताना अडकल्यासारखं व्हायचं. डॉक्टर रुमाईसा म्हणून एक तरुण बाई आहेत. त्या म्हणाल्या, कापायची गरज नाही, बारीक सुई घालून गाठ आतल्या आत विजेच्या उष्णतेनं जाळता येईल. टाका नाही, व्रण नाही. मी खूश होऊन उठतच होतो, तर त्या पुढे म्हणाल्या की गाठीच्या मागून आवाजाची नस जाते, तिला धग लागली तर आवाज बसू शकतो, क्वचित कायमचा. मी परत बसलो.

मामी, तिच्या आवाजाबद्दल तुम्हाला काय सांगायचं, तो तुमच्याकडूनच आलेला आहे. बाजारात आमच्या आधी चिक्कीची ओळीनं दुकानं आहेत आणि सगळ्यांच्या पाट्या आमच्यापेक्षा मोठ्या आहेत. तरी पर्यटक आमच्याच पायरीशी थांबतो, कारण ती गल्ल्यावरून "या ताई, चव बघून जा, नका घेऊ हवं तर" अशी हाक घालते आणि माणसाला वाटतं, घरचंच कुणी बोलावतंय. मी एकदा तशीच हाक घालून पाहिली, तर एक आख्खं कुटुंब रस्ता ओलांडून पलीकडे गेलं. दुकानाचंही सोडा. रोज सकाळी ज्या आवाजानं जाग येते तो उद्या नसेल, या विचारानं मला जेवण जाईना. (वजन मात्र तेवढंच भरलं. मी दुकानाच्या काट्यावर पाहिलं.)

तर त्या नसेला धग लागू नये म्हणून डॉक्टर गाठ आणि नस यांच्यामध्ये पाणी भरतात. सुईनं थोडं थोडं सोडायचं, म्हणजे दोघींमध्ये फट पडते आणि उष्णता अलीकडेच अडते. मी विचारलं, कसलं पाणी? "मिठाचं नाही चालत, त्यातून करंट जातो," डॉक्टर म्हणाल्या. "साखरेचं असतं." हे ऐकलं आणि माझ्या डोक्यात भट्टी पेटली.

माझा जन्म पाकापुढे गेला. साखर आणि उष्णता एकत्र आली की काय होतं ते मला विचारा. आधी एकतारी, मग दोनतारी, मग गोळीबंद, आणि शेवटी पाटावर ओतून गार झालं की कट्‌कन मोडतं. आता हे सगळं बायकोच्या गळ्यात, नेमकं आवाजाच्या नसेभोवती होणार, आणि ही शिकलेली मंडळी त्याला संरक्षण म्हणतात. मला वाटलं, डॉक्टरकीच्या कॉलेजात चिक्की शिकवत नसणार, तेव्हा आपणच सांगितलं पाहिजे. राजेश्वरी म्हणाली, "अहो, त्यांचं काम त्यांना कळतं." मी म्हणालो, "माझं मला कळतं." हे मी फार रुबाबात म्हटलं होतं.

मग मेडिकलमधून तसल्या ग्लुकोजच्या बाटल्या आणल्या, कढईत ओतल्या आणि शेगडीवर चढवल्या. दुपारभर ढवळत बसलो. आमच्याकडे पुडे भरायला धोंडाबाई येतात, त्या दोनदा येऊन बघून गेल्या. तिसऱ्यांदा म्हणाल्या, "मालक, निस्तं पानी उकळताय व्हय? ह्याची चिक्की न्हाई व्हायची." पण संध्याकाळी तळाशी चमचाभर काळपट काहीतरी उरलं. तूप लावलेल्या पाटावर घेतलं, गार केलं, मोडलं. ते कट्‌कन मोडलं. मला झालेला आनंद बघून धोंडाबाई लवकर घरी गेल्या. तो तुकडा मी पुरावा म्हणून स्टीलच्या डबीत ठेवला.

उपचाराच्या दिवशी हॉस्पिटलात राजेश्वरीला पडद्याआड झोपवलं, गळा बधिर करायचं इंजेक्शन दिलं, आणि मी डबी घेऊन दारात उभा राहिलो. डॉक्टर बाहेर आल्या. मी डबी उघडून म्हणालो, "मॅडम, हे तुमचं साखरेचं पाणी." त्यांनी तुकडा उजेडात धरला, वास घेतला. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. "काका, याला किती वेळ लागला?" मी सांगितलं, दुपारभर. "म्हणजे पाणी सगळं आटल्यावर. माझ्या बाटलीत शंभर भागांत पाच भाग साखर, तुमच्या सरबतापेक्षा फिकं. माझं काम थोडक्या वेळाचं, आणि पाणी मी वरून सोडतच असते. ते उकळेपर्यंत थांबते कोण?" पाणी आटल्याशिवाय पाक होत नाही, हे आमच्या भट्टीवर नव्या माणसाला पहिल्या दिवशी शिकवतात. शिकवणारा मीच असतो.

तेवढ्यात बाकावरचे एक गृहस्थ उठले. हनुमंतराव नाव, देहूरोडच्या डेपोत असतात, त्यांच्या भावाचा नंबर आमच्या मागे होता. त्यांनी पुरावा उचलला, तोंडात टाकला आणि म्हणाले, "कडू लागतंय की. शेंगदानं घाला वाईच." माझं संशोधन तिथे संपलं.

मग आत काम सुरू झालं. नस ठीक आहे ना हे कळावं म्हणून पेशंटला मध्येमध्ये बोलायला लावतात. राजेश्वरीला काय बोलावं सुचेना, तेव्हा ती दुकानातलंच बोलू लागली. पडद्याआडून मला ऐकू येत होतं, "शेंगदाणा, तीळ, काजू, राजगिरा, चव बघून जा ताई." आणि मध्येच आवाज थांबला. मामी, खोटं सांगत नाही, त्या वेळी मला वाटलं, दुकान जाऊ दे, सगळं जाऊ दे, ही एकदा बोलू दे. मी चौकटीला कपाळ टेकून रडत होतो आणि हनुमंतराव माझ्या पाठीवरून हात फिरवत होते. मग आतून आवाज आला, "आणि चॉकलेटची पण आहे." डॉक्टरांनी सुई सरकवताना तिला जरा गप्प राहायला सांगितलं होतं, एवढंच.

संध्याकाळी घरी आलो. गळ्यावर सुईचा ठिपका आहे, गाठ हळूहळू आक्रसत जाईल असं म्हणतात. तुम्ही काळजी करू नये, पथ्यपाणी मी बघतो आहे. घरात थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. आजवर माझ्यावर लोभ ठेवलात, तो खालचा मजकूर वाचल्यावरही राहावा.

आपला,
कैलास

ता. क. वर एक गोष्ट सांगायची राहिली. (राहिली नाही, मी ठेवली.) पुरावा खाल्ला गेल्यावर बाकावरचे सगळे हसत होते. गेलेली पत परत आणावी म्हणून मी डॉक्टरांना जरा मोठ्यानंच म्हणालो, "मॅडम, थोडासा आवाज गेला तरी चालेल हं, घरात तेवढीच शांतता." लोक आणखी हसले, मला बरं वाटलं. पण राजेश्वरीचा फक्त गळा बधिर केला होता, ती पूर्ण जागी होती, आणि मध्ये होता तो साधा कापडाचा पडदा.

ता. ता. क. शांतता मिळाली आहे. ती गिऱ्हाइकाशी बोलते, धोंडाबाईंशी बोलते, हनुमंतराव चिक्की न्यायला आले तर त्यांच्याशी चहा होईपर्यंत बोलली. मला काही सांगायचं असलं तर फ्रिजला सांगते, "वाढलंय म्हणावं." मी माफी मागितली, दाराशी रडलो तेही सांगितलं. ती फ्रिजला म्हणाली, "पटेल असं काहीतरी सांगा म्हणावं."

तेव्हा मामी, रविवारी याच. गाडी मी पाठवतो. आल्या आल्या तिच्यासमोर मला झापायला सुरुवात करा, अगदी मनापासून. कारण वर दिलंच आहे, कमी पडलं तर लग्नापासूनचं काढा. मला दुसऱ्या कुणी बोललेलं तिला खपत नाही, आई बोलली तरी नाही. तुम्ही थांबू नका, मी खाली मान घालून बसेन. केव्हातरी तिला राहवणार नाही आणि ती माझ्याकडे वळून म्हणेल, "अहो, आई एवढं बोलतेय, तुम्ही गप्प काय बसलाय?" मला तेवढंच ऐकायचं आहे.