वानरांच्या पायात खिळा नको

२ एप्रिल २००३, गुढीपाडवा
रामरक्षा म्हणून संकल्प सोडला. आजपासून रामजन्मापर्यंत राग वर्ज्य. व्हीआरएस घेतली की माणूस चिडका होतो म्हणतात. मी झालो नाही. स्वभावच मुळात शांत. नांदगावच्या शाळेत गुरुजी म्हणायचे, रंगनाथ म्हणजे गाय.
काम हाती घेतले आहे. कॉलनीच्या राममंदिरासाठी लंकेचे युद्ध. बोटभर उंचीचे वानर आणि राक्षस, प्लास्टरचे. साचे तयार. मंदिर कमिटीचे अध्यक्ष सोमनाथअण्णा म्हणाले, जमलं तर सभामंडपातल्या काचेच्या कपाटात कायमचे ठेवू, खाली तुमच्या नावाची पाटी. नाही जमलं तर मुंबईहून प्लास्टिकचे रेडिमेड आणू. हल्ली जो भेटतो तो विचारतो, सध्या काय करता? पाटी लागली की त्यांना मंदिरात पाठवता येईल.

३ एप्रिल
पद्धत कंपनीतलीच. लाइन लावायची. एकेक बाहुला हातात धरून रंगवत बसलो तर पुढची नवमी उजाडेल. सगळे लाकडी पट्टीवर ओळीने उभे करायचे. आधी सगळ्यांची अंगे, मग सगळ्यांची धोतरे, शेवटी डोळे. वाळले की पट्टीवरून उतरवायचे.
उभे करण्यासाठी प्लास्टर ओले असतानाच पायातून खिळा घालायचा. खाली राहिलेले टोक पट्टीच्या भोकात. राक्षसांना खिळे घातले. घालताना बरे वाटले. वानरांची पाळी आली आणि हात थांबला. रामाच्या सैनिकाच्या पायात खिळा? आपल्याच्याने होणार नाही. वानर कणकेच्या गोळ्यांवर चिकटवले. सौ. म्हणाली, घरात पोळ्यांना पीठ पुरेना आणि हे माकडांना कणीक मळतायत. मी हसलो.

५ एप्रिल
उंदरांनी कणीक खाल्ली. वानर फरशीवर. कोणाचे डोके कॉटखाली, कोणाची शेपटी मोरीत. राक्षस जागच्या जागी उभे.
एक उंदीर हातोडीने मारला. दुसऱ्यावर धरलेला नेम लोणच्याच्या बरणीवर बसला. याला राग म्हणत नाहीत, पारिपत्य म्हणतात. देवानेही शस्त्र धरलेच होते. आंघोळ करून रामरक्षा दोनदा म्हटली. पायाला अजून लोणच्याचा वास येतो.

७ एप्रिल
नवे वानर ओतले. आता मेण. पट्टीवर मेणाचा ठिपका, त्यावर वानर. युक्ती इतकी सोपी की आधी सुचली नाही याचे नवल वाटते. गच्चीवर पत्र्याच्या शेडमध्ये ठेवून जेवायला खाली आलो.
जेवून वर गेलो तर मेणाचे पाणी. सगळी वानरसेना तोंडावर पडलेली. सासूबाई पाडव्याला आल्या आहेत, अजून मुक्काम आहे. गुडघे धरत वर आल्या आणि म्हणाल्या, जावईबापू, राक्षस लय देखने झालेत. अन् देवाची मानसं अशी मढ्यावानी का पडली हो? पिऊन आलीत का?
मी पत्र्याला लाथ मारली. पत्र्याची कड अंगठ्यात घुसली. रक्त बरेच गेले. वाया कशाला घालवायचे म्हणून थोडे कुंभकर्णाच्या तोंडाला लावून पाहिले. दुकानातल्या लालपेक्षा उठून दिसते. त्याच बैठकीत सगळ्या राक्षसांचे डोळे काढले. एकही रेघ वाकडी गेली नाही.

८ एप्रिल
पुन्हा वानर ओतले. आता झटपट चिकटणारा गोंद. निकिता, आमची मुलगी, बी.कॉम.ला आहे. म्हणाली, पप्पा, हा तात्पुरता नसतो, चिकटला की चिकटला. मी म्हणालो, कॉलेजात जातेस म्हणून बापाला शिकवू नकोस. शांतपणे म्हणालो. शेजारचे उगाचच खिडकीत आले.

९ एप्रिल
वानर पहिल्यांदा उभे राहिले! अंगे, धोतरे, डोळे, सगळे एका दमात. ओळीकडे बघून हात आपोआप जोडले गेले. माणसाने श्रद्धा ठेवावी.

१० एप्रिल
मंदिरात मातीची लंका केली आहे. तिथे एकेक रोवायचा, म्हणून पट्टीवरून उतरवायला बसलो. राक्षस खिळ्यासकट अलगद निघाले. वानर ओढला की घोटे पट्टीवर आणि उरलेला वानर हातात. सुरी लावली. मग पटाशी. पटाशी तळहातात गेली.
सासूबाई म्हणाल्या, पायात काटा रुतला म्हून कुनी मरत नाय, जावईबापू. पायच नसला तर त्यानं लढायचं कसं?
पट्टी भिंतीवर आपटली. मग पाटावर. मग पाट भिंतीवर. निकिताला आणि आपल्या आईला घेऊन सौ. शेजारी जाऊन बसली. घर एकदम शांत झाले. मला शांतता आवडते.

११ एप्रिल, रामनवमी
राक्षस मातीत ताठ रोवले गेले. वानर आडवेच ठेवावे लागले. सोमनाथअण्णा बघून म्हणाले, अहो बोरसे, आज रामजन्म, आणि तुम्ही रावणाला जिंकवलात? मी म्हणालो, हा युद्धाचा मध्य आहे, पुढे काय होते ते सगळ्यांना ठाऊक आहे. ते म्हणाले, आमच्या देवळात तुमचा मध्य नको. चादर टाका वर. प्लास्टिकचेच आणायला हवे होते.
कुंभकर्ण माझ्या हातातून निसटला. निसटला तो अण्णांच्या कपाळावर, खिळ्याच्या बाजूने. बायका पाळणा म्हणत होत्या, त्यामुळे त्यांच्या लक्षात यायला वेळ लागला. तोवर आम्ही दोघे खाली. आधी अण्णा वर होते, मग मी. सुंठवड्याचे ताट उलटले. मला चौघांनी धरले. चौघे लागले, याची नोंद करून ठेवतो.
संकल्प रामजन्मापर्यंतचा होता. जन्म होऊन गेला होता.

१५ एप्रिल
चार दिवस बाहेर पडलो नाही. आज दार वाजले. वाटले पोलीस. अण्णा होते, एकटेच, कपाळाला पट्टी.
म्हणाले, बोरसे, चादर टाकली तर पोरांनी ओढून काढली. राक्षसांपुढून हलत नाहीत. मोठी माणसंसुद्धा विचारतात, चेहऱ्यावर इतका खरा राग आणला कुणी? मी म्हटलं, माणूस माझ्या ओळखीचा आहे, राग मी जवळून बघितलाय.
कमिटीने ठरवले आहे. राक्षस कपाटात ठेवायचे. वानर मुंबईहून येतील, प्लास्टिकचे. पाटीचा मजकूर दाखवायला आणला होता :
‘राक्षस : श्री. रंगनाथ बोरसे यांच्याकडून.’
चष्मा लावून दोनदा वाचला. शुद्धलेखन बरोबर आहे. सौ.ने अण्णांपुढे चहा ठेवला, मजकूर वाचला आणि म्हणाली, भाऊजी, आडनाव तेवढं गाळा. निकिताचं लग्न व्हायचंय.