तीन वेढे हवेचे

ता. ४ ऑक्टोबर

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू ‘जेवलीस का’ एवढंच विचारतेस आणि ठेवून देतेस, म्हणून बढाई पत्रातून मारते. कापूस वेचणाऱ्या मोठ्या मशीनमध्ये गठ्ठ्यांचं वेष्टण आता आपोआप होतं, आणि ते कसं व्हावं हे मी ठरवलं आहे. मशीन चालता चालता पोटात कापसाचा गोल गठ्ठा वळतं, गठ्ठा भरला की त्याला प्लास्टिकच्या कागदाचे तीन वेढे देतं, केबिनमध्ये हिरवा दिवा लागतो आणि गठ्ठा मागे शेतात उतरतो. चालकाने नुसतं बसायचं. काकांना सांग, आता केबिनमध्ये डुलकी काढलीत तरी चालेल. चिडतील, मजा येईल.

माणसं मात्र सुधारत नाहीत. काही चालक कागदाच्या गुंडाळीवर मार्करने काळी कडी आखून ठेवायचे. कशाला, देव जाणे. परिपत्रक काढून मी ते बंद केलं. तरी गेल्या आठवड्यात एका महाभागाने दोन गठ्ठे उघडे टाकले आणि रस्ताभर कापूस उडाला. मशीनच्या नोंदीत दोन्ही गठ्ठ्यांना तीन तीन वेढे पूर्ण आहेत, म्हणजे वेष्टण त्यानेच कुठेतरी फाडलं असणार. अहवालात ‘चालक क्रमांक सातचा निष्काळजीपणा’ असं लिहून मोकळी झाले. साहेब खूश आहेत.

काकांची पाठ कशी आहे? लोभ तर आहेच, तो दर पत्रात मागत बसत नाही.

तुझी भिंगरी

ता. ११ ऑक्टोबर

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र घरात मोठ्याने वाचून दाखवलं. ऐकणारे एकच होते, चालक क्रमांक सात. आधी हसले. मग पाणी प्यायला म्हणून उठले आणि बराच वेळ स्वयंपाकघरातून बाहेर आले नाहीत.

पाठीची चौकशी केलीस, बरं वाटलं. तिला सध्या भरपूर व्यायाम आहे. बावीस वर्षं मशीन चालवलेल्या माणसाला सरकी काढायच्या जिनिंगच्या आवारात कापसातले प्लास्टिकचे तुकडे वेचायला लावलंय. दिवसभर वाकायचं, पोतं भरायचं, घरी यायचं. तुमच्या कार्यालयात माणसांना नावं नसतात हे मला ठाऊक नव्हतं. नाहीतर लग्नपत्रिकेवरही क्रमांकच छापला असता.

त्या कड्याबद्दल देवापेक्षा मावशीला विचारलं असतंस तर बरं झालं असतं. नवी गुंडाळी चढवताना तुझे काका तिच्या बाजूवर, आतल्या पुठ्ठ्याच्या नळीपासून दोन बोटं सोडून, मार्करने कडं काढायचे. कागद उलगडत उलगडत कड्यापर्यंत आला, की आरशात दिसायचं आणि ते उतरून गुंडाळी बदलायचे. तू ते बंद केलंस. कागद संपला, तो ओढणारा रूळ रिकामाच फिरला आणि तुझा दिवा लागला. त्यांनी तुझ्या दिव्यावर विश्वास ठेवला, एवढाच काय तो निष्काळजीपणा.

महिनाअखेरीला ठरणार आहे, की त्यांना परत केबिनमध्ये बसवायचं की कायमचं आवारात ठेवायचं. तुमचे वरचे लोक तुझा अहवाल बघून ठरवणार आहेत. त्यातलं ते एक वाक्य बदल. बाकी क्षेम.

तुझी मावशी

ता. १८ ऑक्टोबर

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून लाज वाटली. आधी खरं वाटेना. कागदाची गुंडाळी काढून ठेवली आणि मशीन सुरू केलं. त्याने हवेला मोठ्या डौलात तीन वेढे दिले आणि हिरवा दिवा लावला. मी रुळाचे फेरे मोजत होते, कागद मोजतच नव्हते.

साहेबांना दाखवलं. आपलं नातं सांगितलं नाही, उगाच मी घरच्यांची बाजू घेते असं व्हायचं. त्यांचं म्हणणं असं, की अहवाल वर गेला आहे, आता बदलला तर सगळ्या विभागाचं हसं होईल. दुरुस्ती पुढच्या वर्षी गुपचूप करू. तोवर क्रमांक सातने ‘नजरचुकीने घडलं’ असं लिहून दिलं, तर त्याला लगेच केबिन मिळेल. मसुदा सोबत जोडला आहे. एका सहीने सगळं मिटेल गं, आणि मीही वाचेन. काकांना समजाव. लोभ आहे तसा राहू दे.

तुझी भिंगरी

ता. २४ ऑक्टोबर

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

मसुदा मिळाला. तुझ्या मशीनचं काम दिसतंय, आत काही नाही आणि वरून वेष्टण पक्कं.

काकांनी तो दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि सही करणार नाही म्हणाले. वर म्हणाले, की पोरीला त्रास होणार असेल तर तिने काही लिहू नये, मी आवारात बरा आहे. ते बरे नाहीत. परवा पलीकडच्या शेतात मशीन सुरू झालं, तर हातातला चहा ठेवून कुंपणापर्यंत गेले. परत येऊन सांगितलं, की डावीकडचा पट्टा घासतोय. कोणी विचारलं नव्हतं.

तू लहानपणी आमचं भिंतीवरचं घड्याळ उघडलंस आणि जोडल्यावर स्क्रू उरले, तेव्हा तुझ्या आईसमोर ते स्वतः पुढे झाले होते, घड्याळ मीच बिघडवलं म्हणून. तेव्हा तू सहा वर्षांची होतीस. आता नाहीस.

मला तुझा राग आला आहे. माया कमी झालेली नाही, पण ती सध्या डोळे वटारून बसली आहे.

मावशी

ता. ३० ऑक्टोबर

ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र तुम्हाला आहे, पण मावशी मोठ्याने वाचणार हे गृहीत धरलंय.

नवा अहवाल काल सगळ्या विभागांना आणि सगळ्या चालकांना पाठवला. साहेबांना विचारलं नाही. कागद नसताना वेष्टण पूर्ण दाखवणं ही नियंत्रणाची चूक आहे, ते नियंत्रण मी लिहिलं, कडी बंद करणारं परिपत्रकही माझंच, आणि चालक क्रमांक सातने काहीही चुकीचं केलेलं नाही, असं त्यात आहे. खाली माझं पूर्ण नाव आहे. मसुदा पाठवला त्याबद्दल मला माफ करा. ते पत्र टाकताना मला कळत होतं मी काय करतेय.

साहेब कालपासून माझ्याशी फायलीतून बोलतात. आज हुकूम आला. क्रमांक सातला पुन्हा केबिन, आणि मला शिक्षा: उरलेला हंगाम शेतात जायचं, चालकाशेजारच्या छोट्या सीटवर बसायचं आणि वेढे डोळ्यांनी मोजायचे. कोणाच्या शेजारी, तेही कळवलंय. क्रमांक सात.

हा सात कोण, हे विचारावंसं त्यांना वाटलं नाही. मलाही वाटलं नव्हतं.

सोमवारी सकाळी पोचते. मार्कर मी आणते, कडं तुम्ही काढा. लोभ मागायला तोंड नाही. त्या घड्याळातून थोडा उरला असेल तर तेवढा ठेवा.

तुमची भिंगरी